माश्यांना अनॉय करू नका

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. अठरा वर्षं क्लासमध्ये पोरांना सांगत आलो, डायरी लिहा, पर्सनॅलिटी सुधारते. स्वतः कधी लिहिली नाही, कारण पर्सनॅलिटी होतीच. आता वेळ आहे. नगरचा स्पोकन इंग्लिशचा क्लास दिवाळीत बंद केला. पोरं मोबाईलवरच इंग्रजी शिकायला लागली. मोबाईल चूक काढतो पण रागावत नाही, असं त्यांचं म्हणणं. सध्या मी आणि सीमा नेवाशाजवळ आमच्या वस्तीवर, दादाच्या घराशेजारच्या खोलीत. तात्पुरते.

आज वस्तीवर मधमाश्यांच्या पेट्या आल्या. दादाने यंदा बियाण्यासाठी कांदा लावलाय. रानभर पांढरे गोल गोंडे फुलायला लागलेत. त्यांच्यावर माश्या बसल्या नाहीत तर बी धरत नाही, आणि फवारण्या करकरून आपल्याकडच्या माश्या संपत आल्यात. म्हणून पेट्या भाड्याने. आयडिया रेश्माची, म्हणजे दादाच्या मुलीची. ती शेतकी कॉलेजला आहे. दादाचं सगळं वर्ष या कांद्यावर आहे. तो तसं बोलत नाही, पण रोज सकाळी एकेक गोंडा तळहातावर घेऊन बघत बसतो.

पेटीवाला हर्षल, श्रीगोंद्याकडचा. त्याने पेट्या मांडल्या बांधावर. बांध म्हणजे माझ्या दाराच्या बरोबर समोर. दुसरीकडे जागा नाही का, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, सावली हाय, पाणी जवळ हाय, हीच जागा बेस हाय सर. मग पेट्यांशेजारी पत्र्याचा एक बोर्ड रोवला. इंग्रजीत आहे. बीज अ‍ॅट वर्क, डू नॉट अनॉय. म्हणजे माश्या कामात आहेत, त्यांना अनॉय करू नका.

दादा म्हणाला, उत्तम, तू इंग्रजीचा मास्तर हायेस, पेट्यांचं आता तूच बघायचं. सगळ्यांसमोर म्हणाला. इथे आल्यापासून त्याने मला पहिल्यांदाच काम सांगितलं. मी लगेच हो म्हणालो.

मला माश्यांची भीती वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

४ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

झोप नाही. रात्रभर गुणगुण. सीमा म्हणते पंख्याचा आवाज असेल. पंखा बंद होता.

दार अजून उघडलेलं नाही. अभ्यास चालू आहे.

४ फेब्रुवारी, दुपार

बोर्डावरच्या शब्दाचा विचार केला. अनॉय म्हणजे काय? डिक्शनरीत म्हटलंय, थोडासा राग आणणे. बाकी कुणी वाचून सोडून दिलं असतं. मला त्यातला 'थोडासा' दिसला आणि मी दाराची कडी तपासली. मोठा राग यायला मोठं कारण लागतं. थोडासा राग कशानेही येतो.

अठरा वर्षं फळ्यावर लिहिलं, डोन्ट अनॉय युवर सिस्टर. त्या वाक्यातली बहीण फार तर आईकडे तक्रार करायची. इथे एकेका पेटीत हजारो बहिणी आहेत, आणि आईही आतच आहे.

मराठीत बघितलं. चिडवणे, डिवचणे, खिजवणे, खोडी काढणे. हे सगळं माणूस मुद्दाम करतो. काठी घेतो, जातो, डिवचतो. न डिवचायचं ठरवलं की सुटला. अनॉयचं तसं नाही. घड्याळाची टिकटिकसुद्धा अनॉय करते, आणि घड्याळाच्या मनात काही नसतं. म्हणजे मी नुसता दारात उभा राहिलो आणि माझं उभं राहणं एखादीला खटकलं, तर मी अनॉय केलेलं आहे. मला पत्ताही नाही. तिला मात्र आहे.

हे वस्तीवर कुणालाच माहीत नाही. सगळे आपले हिंडतायत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जबाबदारी अंगावर घेतली की घ्यायची. व्हिडिओ पाहिले. माश्यांना काळा रंग खपत नाही, त्यांना ते अस्वल वाटतं. वस्तीवर अस्वल नाही, पण वहिनींची म्हैस आहे, आणि ती गोठ्यात पेट्यांच्या सरळ रेषेत बांधलेली असते. तिच्या पाठीवर आमची पांढरी चादर टाकली. दोरीने पोटाखालून बांधली. वहिनी शेण काढायला आल्या आणि पाटी हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, भावजी, म्हशीचं लगीन काढलंय व्हय?

मी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हशीने संध्याकाळपर्यंत चादरीचा कोपरा खाल्ला. सीमा म्हणते ती चादर तिच्या माहेरची होती.

मी पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी. आरशात पाहिलं. रुबाबदार वाटतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव 'बीज अ‍ॅट वर्क'. घरचे सगळे, शिवाय शेजारच्या वस्तीवरचा टेम्पोवाला अंगद. पहिल्याच दिवशी सूचना टाकल्या. अत्तर नको, वासाचं तेल नको, गजरा नको, पळणं नको, हातवारे नकोत, बांधाकडे तोंड करून शिंकणं नको. ट्रॅक्टर हळू. भांडण घरात.

रेश्माने अंगठा पाठवला. अंगदने गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ पाठवली, संध्याकाळी. दादा व्हॉट्सअ‍ॅप बघत नाही, म्हणून त्याला सगळ्या सूचना जेवताना वाचून दाखवल्या. तो भाकरी मोडत होता. मध्येच म्हणाला, हं.

सीमा ग्रुपमधून बाहेर पडली. चुकून बोट लागलं असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोठा शोध. धुराने माश्या शांत होतात. हर्षल पेटी उघडताना तेवढ्यापुरता धूर देतो. तेवढ्यापुरताच का? दिवसभर दिला तर दिवसभर शांतता. दारासमोर पाटीत गोवऱ्या पेटवून ठेवल्या.

परिणाम चांगला. एकही माशी दाराकडे आली नाही. दादाला खोकला आला, पण तो आधीपासून असावा. वहिनींचे डोळे लाल झाले. त्या म्हणाल्या, भावजी, ह्या धुरानं आमीच गप पडू. दोरीवरचे कपडे परत धुवायला लागले. सीमाने आपलं अंथरूण वहिनींच्या खोलीत नेलं. धुरामुळे, असं तिने स्वतःच सांगितलं. तात्पुरतं.

खोली एकट्याला मोठी वाटते. रात्री फटीफटीत कागद कोंबले.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज पेट्यांची पाहणी केली. गच्चीवरून, मोबाईलचा झूम लावून. झूममुळे चित्र थोडं हललेलं आहे. पेट्यांची झाकणं व्यवस्थित दिसली.

दादाने विचारलं, पेट्या बघितल्या का? मी म्हणालो, सगळं नॉर्मल. तो म्हणाला, ब्येस, एक काळजी मिटली. खांद्यावर हात ठेवला. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी बीए झालो तेव्हा, त्यानंतर आजच. फार बरं वाटलं. मॅनेजमेंट दुरूनच करायचं असतं, हे मी क्लासमध्येही सांगायचो.

सीमाचं मात्र काही कळत नाही. ती रोज उठून पेट्यांपाशी जाते, पसरट ताटात पाणी भरते, त्यात खडे टाकते म्हणजे माश्या बुडत नाहीत. अंगावर फुलाफुलांची साडी. माझी परवानगी घेत नाही. काल एक माशी तिच्या मनगटावर बसली होती आणि ही तिच्याशी बोलत होती. मी खिडकीतून ओरडलो, डोन्ट मूव्ह! तिने माश्यांकडे नाही, माझ्याकडे रागाने बघितलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

न्हाणीत साबणावर एक माशी. एकच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाय चोळले.

आंघोळ पुढे ढकलली. पाण्याची बचत तशीही करायलाच हवी. उन्हाळा तोंडावर आला आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

घात होता होता टळला. सकाळी वाचलं की चिडलेली माशी बाकीच्यांना एक वास सोडून बोलावते, आणि तो वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. आज महाशिवरात्र. घरात उपासाची केळी. अख्खा घड!

धावलो (हळू). सगळी केळी पोत्यात घालून, पोतं बांधून अंगदच्या हाती थेट त्याच्या वस्तीवर पाठवली. वहिनी उपाशी होत्या. त्यांच्या हातात सोललेलं केळं होतं, तेही घेतलं. त्या भगर खाऊन उठल्या. दादाला उपासाला केळंच चालतं, भगरीने त्याला पित्त होतं, हे मला नंतर कळलं. तो दुपारभर पडून होता.

कुणी आभार मानले नाहीत. संकट टळलं की ते होतं हेच लोक विसरतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रेश्मा म्हणाली, काका, माश्या कामात असतात, त्यांना तुमच्याकडं बघायला वेळ न्हाई. लहान आहे. शब्दाचा अर्थ पुस्तकात असतो तेव्हा सोपा असतो.

आज पाच-सहा माश्या खिडकीच्या काचेवर. बाहेरून. मी आतून. आमचं बराच वेळ असंच चाललं. डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, पण त्या हात उशीखाली असल्यामुळे.

एक गोष्ट स्पष्ट झाली. माझी खोली इतकी जवळ असणं हेच माश्यांना अनॉय करत असणार. माझा रेडिओ, माझं खोकणं, माझं असणं. आपण स्वतःकडेही दोष घ्यायला शिकलं पाहिजे. पेट्या इथून हलवायला हव्यात. त्यांच्या भल्यासाठी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

दादा आणि वहिनी सकाळी श्रीगोंद्याला गेले, वहिनींच्या भाच्याच्या लग्नाला. परवा येतील. रेश्मा कॉलेजला, तिथेच मुक्काम. निर्णय घेणारा वस्तीवर मी एकटाच उरलो. हर्षलला फोन करावा असं मनात आलं होतं, पण बारीकसारीक गोष्टींसाठी माणसाला त्रास कशाला?

अंगदला बोलावलं. अंधार पडता पडता सगळ्या माश्या पेटीत गेल्या. अंगदने पेट्यांच्या तोंडाला गवताचे बोळे लावले आणि टेम्पोत घालून रानाच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळच्या बाभळीखाली नेऊन मांडल्या. बोळे काढले. मी कामावर लक्ष ठेवलं. खिडकीतून, टॉर्चने. अंगद म्हणाला, सर, हर्षलभाऊला इचारलंय ना? मी म्हणालो, सगळं माझ्या अंडर आहे.

सीमा शेजारच्या वस्तीवर भजनाला गेली होती. आली तेव्हा झालं होतं. तिने विचारलं, पेट्या कुठायत? मी म्हणालो, सुखरूप. ती बांधावर गेली आणि पाण्याचं ताट उचलून घेऊन आली.

किती दिवसांनी दार सताड उघडलं! वारा आला. बोर्ड तेवढा राहिला इथे, तो उद्या हलवू. आज आंघोळ केली. गाणंही म्हटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

ऊन आलं आणि त्याही आल्या.

सगळ्या. हजारोंनी. बांधावर, जिथे पेट्या होत्या त्या रिकाम्या जागेवर घिरट्या. नुसतं काळं काळं. दार कसंबसं लावलं.

थोड्या वेळाने

दारावर बसल्यात. खिडकीच्या गजांना घोस लटकलेत. बोर्डावर इतक्या की त्यावरची अक्षरं दिसत नाहीत. मला शोधत आल्यात. पेट्या मीच हलवल्या हे यांना कुणी सांगितलं?

लिहितोय, कारण लिहिताना खिडकीकडे बघावं लागत नाही.

अजून थोड्या वेळाने

सीमा गोठ्याकडून बोलली. ओरडली नाही. म्हणाली, अहो, खिडकी लावून घ्या आणि गप बसा, त्या तुमच्यासाठी नाही आल्यात, त्यांचं घर शोधतायत. मी हर्षलला फोन लावते.

गप बसलो.

दाराच्या फटीतला कागद हलला. एक आत आली. मग दुसरी. मग मोजलं नाही.

माझ्या पलंगाखाली डासांच्या फवाऱ्याचा डबा होता.

दुपार

स्वसंरक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे. फवारा मी थोडासाच मारला. दाराच्या फटीतून, मग खिडकीची झडप किंचित उघडून गजांवर. मग डबा संपला.

आता आवाज नाही.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

हर्षलने फोनवर सीमाला सांगितलं ते असं. माशी आपली जागा पाठ करते. पेटी थोड्या अंतरावर नेली तर ती जुन्याच जागी परत येते आणि पेटी शोधत फिरते. न्यायची तर लांब कोसभर न्यायची, नाहीतर हलवायचीच नाही. पेट्या लगेच परत आणा, सगळ्या आत जातील, एकही वाया जाणार नाही. हे तो सांगत होता तेव्हा माझा डबा संपलेला होता.

सीमाने आणि अंगदने पेट्या परत बांधावर आणल्या. डोक्याला पदर गुंडाळून तिने स्वतः उचलल्या. ज्या उरल्या होत्या त्या आत गेल्या. बाकीच्या माझ्या उंबऱ्यावर, खिडकीखाली. काही अजून पाय हलवत होत्या. सीमा केरसुणीने सुपात भरत होती. हळूहळू, त्यांना लागणार नाही अशा बेताने. जवळजवळ सगळ्या मेलेल्या होत्या.

मी दारातून म्हणालो, मी घाबरलो होतो असं नाही. तिने सूप उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दादा संध्याकाळी येणार. काय सांगायचं याची तयारी. प्रथम पार्श्वभूमी, मग कारणं, मग उपाय. तीन वेळा म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागतो.

संध्याकाळ. दादा आला. सरळ बांधावर गेला. एका पेटीला कान लावला. दुसरीला लावला. मग गोठ्यातल्या सुपाकडे गेला. मी पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. त्याने ऐकली नाही, आणि थांबवलीही नाही. मी बोलत होतो तोवर तो सुपात बोटं फिरवत होता. मग घरात गेला.

दादाने मला कधी मारलं नाही. आज मारलं असतं तर झोप लागली असती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हर्षल आला. पेट्या उघडल्या. अंगावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. माश्या त्याच्या बोटांवरून चालत होत्या. तो फक्त दादाला म्हणाला, फवाऱ्याचा वास आत गेलाय, राहिलेल्या वाचवायच्या तर हितून हलवायला पायजेत, काका. दुसऱ्या पेट्या पायजेत का, असं त्याने स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगितलं की शिल्लक नाहीत, सगळ्या डाळिंबावर लागल्यात.

पेट्या टेम्पोत चढल्या. बोर्डही उपटून नेला. रान पांढरंशुभ्र फुललंय. अगदी ऐन भरात. आणि त्यावर कुणी नाही. दादा बांधावर उकिडवा बसला होता.

मला आता दार उघडं ठेवायला काहीच हरकत नाही. उघडलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रेश्माने उपाय सांगितला. माश्या नसतील तर माणसांनी माश्यांचं काम करायचं. दव वाळलं की मऊ फडकं घेऊन एकेका गोंड्यावरून हलकेच फिरवायचं, मग पुढच्या गोंड्यावरून, म्हणजे पराग इकडचा तिकडे जातो. फुलं आहेत तोवर रोज. सगळं रान.

वहिनींनी जुनं मलमलचं लुगडं फाडून चार फडकी केली. दादाला, रेश्माला, सीमाला, स्वतःला. मी समोरच उभा होतो. मग वहिनींनी पदराआडून पाचवं काढलं आणि माझ्याकडे न बघता ओट्यावर ठेवलं.

घेतलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाठ मोडली. गोंडा असा कुरवाळायचा की देठ मोडता कामा नये. सकाळभर वाकून चाललो. माझ्या दोन ओळी होईपर्यंत सीमाच्या पाच.

रानात आपल्याकडच्या काही रानमाश्या आहेत अजून. थोड्या. आज एक माझ्या फडक्यावर येऊन बसली. पळायचं ठरवलं होतं, पण दादा पलीकडच्या ओळीत होता. उभा राहिलो. ती चालत चालत माझ्या बोटावर आली, बोटावरून गोंड्यावर गेली आणि कामाला लागली. मी तिथे आहे की बुजगावणं, हे तिने पाहिलंही नाही.

थोडंसं वाईट वाटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो. कुणी माझ्याशी मुद्दाम अबोला धरलाय असं नाही. मीठ मागितलं तर देतात. पण मलाच राहवेना. वहिनींना म्हणालो की माझं एकच चुकलं, माश्या इतक्या अनॉय होतील हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी विचारलं, ते इंग्रजी काय हुतं म्हणायचं? मी सांगितलं, वैताग येणं, राग येणं, आपण मुद्दाम काही केलं नाही तरीही.

वहिनी भाकरीवर ठेचा ठेवत होत्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, मग माशा न्हवत्या वैतागल्या, भावजी. त्या आपल्या कामात हुत्या. वैतागलो हुतो आमी. चादर, धूर, केळी, सगळं सोसलं. तुमी एवढं शिकल्याले, घरात बसून आत आत कुढताय, कायतरी काम पायजे तुमाला, म्हून ह्यांनी पेट्या तुमाला दिल्या. आन आमी कुनी बोललो न्हाई. आमाला कुठं नांगी हाय?

आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी खाल्ली. चादरीबद्दल मला वाटलं होतं त्या हसत होत्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल त्यापुढे काही लिहिता आलं नाही. आजही नाही.

४ मार्च, बुधवार

आता बरं वाटतं. काम करून माणूस बदलतो. माझ्या आता सीमाच्या पाचाला चार ओळी होतात. हाताला गोंड्याची सवय झाली. काही गोंड्यांत बी धरल्यासारखं दिसतंय. रेश्मा म्हणते, निम्मं तरी पदरात पडावं. दादा म्हणतो, पडंल ते पडंल.

आत्मपरीक्षण पुरेसं झालं. भीती कशाची हे एकदा कळलं की ती जाते, आणि माझी गेलेली आहे. पुढच्या वर्षीचा प्लॅन तयार केला. पेट्या परत आणायच्या. या वेळी पूर्ण चार्ज माझ्याकडे, ट्रेनिंग घेऊन, जाळी, मोजे, सगळं. बाकी शेतकऱ्यांनाही मार्गदर्शन करता येईल. 'माश्यांशी कसं वागावं' असा छोटा कोर्स. नेवासा, श्रीगोंदा, मग नगर. आज रात्री जेवताना मांडतो. दादाला आवडेल.

५ मार्च, गुरुवार

काल मांडला.

दादाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, पेट्या आनायच्याच हायेत, घरात बोलनं झालंय. मला आनंद झाला. माझ्या आधीच सगळ्यांनी विचार केला होता तर! मग तो म्हणाला, हर्षलची एकच अट हाय. आन आमचीबी तीच हाय. पेट्या येतील तवा तू महिनाभर केडगावला जाऊन ऱ्हा.

केडगावला म्हणजे माझ्या सासुरवाडीला.

कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, तितं तुमाला बरं वाटंल भावजी, शहर हाय, पेपर येतो. रेश्मा ताटाकडे बघत होती. माझ्याशिवाय सगळ्यांना हे आधीच माहीत होतं.

मी मोठ्या मनाने मान्य केलं. म्हणालो, ठीक आहे, तेवढाच चेंज. सीमालाही माहेरी राहायला मिळेल.

सीमा भांडी गोळा करत होती. म्हणाली, मी कशी येणार? पेट्यांचं कोण बघणार?